पोशा कोळंबीचं बीज: पोटाखालच्या अंड्यांपासून गोड्या पाण्यातल्या पिल्लांपर्यंत

पोशा, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, गोड्या पाण्यातली कोळंबी म्हणून ओळखली जाते आणि बीज, म्हणजे रूपांतर झालेली छोटी पिल्लं, तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका या ओळखीतूनच होतात. ती गोड्या पाण्यात वाढते, तिथेच जोडी जमवते, तिथेच अंडी पोटाखाली बाळगते. पण अंड्यातून बाहेर पडलेली अळी गोड्या पाण्यात दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. नदीतली अंडीवाली मादी खाडीकडे उतरते, अळ्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि रूपांतर झालेली पिल्लं प्रवाहाच्या उलट वर चढतात. हाच प्रवास आपल्याला टाकीत पाणी बदलून घडवायचा असतो. पाणी उशिरा खारं झालं तर अळ्या जातात. ते लवकर गोडं केलं तर रूपांतर न झालेल्या अळ्या जातात.

पुढची सगळी मापं ५०० लिटर पाण्याच्या एका टाकीसाठी आणि सुमारे २५,००० अळ्यांसाठी आहेत.

## १. जात पक्की करा

गोड्या पाण्यातल्या सगळ्याच कोळंब्यांना मिठाची गरज नसते. अंड्यांचा आकार पाहिला की बराच उलगडा होतो. ज्या जातीची अंडी मोजकी आणि मोठी असतात, तिची पिल्लं बरीचशी तयार होऊनच बाहेर पडतात. अंडी बारीक आणि हजारोंनी असतील, तर अळ्यांना खारट किंवा निमखारं पाणी लागण्याची शक्यता फार मोठी. पोशाचं अंडं जेमतेम ०.६ ते ०.७ मिमी असतं आणि पूर्ण वाढलेली मोठी मादी ८०,००० ते १,००,००० अंडी बाळगू शकते. पहिल्यांदाच अंडी धरणाऱ्या मादीकडे मात्र ५,००० ते २०,००० इतकीच असतात.

सावधान: पुढे दिलेली १२ पीपीटी क्षारता (लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार) पोशाची आहे. शोभेच्या टाक्यांतल्या अमानो कोळंबीच्या अळ्यांना जवळपास समुद्राइतकं खारट पाणी लागतं. एका जातीचा आकडा दुसरीला लावू नका.

## २. पाणी: मादी आणण्याच्या आधी

क्षारता १२ पीपीटी, म्हणजे लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार. १२ ते १६ पर्यंत चालते, पण एक आकडा धरून तिथेच राहणं उत्तम. समुद्राचं पाणी किती घ्यायचं याचं गणित सोपं आहे: हवं असलेलं एकूण पाणी गुणिले १२, भागिले समुद्राच्या पाण्याची क्षारता. पाणी ३४ पीपीटीचं असेल तर ५०० लिटरसाठी १७६ लिटर समुद्राचं आणि ३२४ लिटर गोडं. समुद्राची क्षारता ऋतूनुसार आणि जागेनुसार बदलते, त्यामुळे दर खेपेला रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाने, मोजा.

एक टाकी भरली म्हणजे पाण्याची सोय झाली असं समजू नका. रोज निम्मं पाणी बदलायचं तर दिवसाला २५० लिटर, तीस दिवसांत ७,५०० लिटर लागतं. पहिली भरणी धरून ८,००० लिटर तयार पाणी, म्हणजे सुमारे २,८२५ लिटर समुद्राचं पाणी. समुद्र दूर असेल तर समुद्री मत्स्यटाक्यांसाठी मिळणारं मीठ वापरता येतं. त्याचा हिशेब साधारण ९६ किलो होतो. जेवणातलं मीठ चालणार नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम नसल्यात जमा असतात आणि दर काही दिवसांनी कात टाकणाऱ्या अळीला हे क्षार लागतातच.

क्रम असा ठेवा:

1. दोन्ही पाणी बारीक कापडातून गाळून एकत्र करा आणि क्षारता मोजा.
2. निर्जंतुकीकरणासाठी १० पीपीएम, म्हणजे लिटरला १० मिग्रॅ, क्लोरिन द्या. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरिन असेल तर ५०० लिटरला सुमारे १७ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, फक्त वरचं पाणी ओता.
3. एक दिवस तसंच राहू द्या, मग जोरात हवा सोडा.
4. क्लोरिन किटने तपासा. काही शिल्लक असेल तर त्याच्या साधारण सातपट वजनाचं सोडियम थायोसल्फेट द्या आणि पुन्हा तपासा.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार असाल तर लोह आणि मँगनीज तपासून घ्या. हवा लागल्यावर तांबूस होणारं किंवा कुजक्या अंड्यासारखा वास असलेलं पाणी घेऊच नका. फार जड पाणीही टाळा.

तपासणी: क्लोरिन शून्य, क्षारता १२, पीएच ७ ते ८.५, तापमान २८ ते ३१ अंश सेल्सिअस. यातलं एकही जुळत नसेल तर मादी आणू नका. अंडी कोणासाठी थांबत नाहीत.

## ३. टाकी, हवा, ऊब

टाकीच्या आतल्या भिंती गडद रंगाच्या हव्यात. गडद पार्श्वभूमीवर अळ्यांना खाद्य चांगलं दिसतं. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नका. बराचसा भाग झाका, पण पूर्ण अंधारही नको.

हवेचे दगड असे मांडा की तळाला एकही कोपरा थांबलेला राहणार नाही. हवा फक्त प्राणवायूसाठी सोडत नाही, खाद्य तरंगत ठेवण्याचं कामही तीच करते. अळी डोकं खाली धरून, पोट वर करून, शेपटीच्या दिशेने पोहते. ती भक्ष्याचा पाठलाग करत नाही, अंगाला लागेल ते पकडते. तळाशी बसलेला कण तिच्यासाठी नसल्यासारखाच असतो, आणि तो कुजून पाणी मात्र बिघडवतो.

तापमान २४-२६ अंशांच्या खाली गेलं की वाढ रेंगाळते, ३३ च्या वर मरतूक सुरू होते. हीटर थर्मोस्टॅटचाच घ्या. दिवसा ३१ आणि पहाटे २५ असा हेलकावा अळ्यांना फार जड जातो, म्हणून मोजणी पहाटेही करा.

## ४. मादी निवडणं

जोडी जमण्याआधी पक्व मादी कात टाकते, बहुधा रात्री. कवच मऊ असतानाच, काही तासांत, नर तिच्या छातीखाली पायांच्या मधोमध शुक्राणूंचा चिकट गोळा लावतो. पुढच्या काही तासांत ती अंडी देते आणि पोटाखाली धरते. नर जवळ नसला तरी मादी अंडी देते, पण ती फलित नसतात आणि दोन-तीन दिवसांत गळून पडतात. "अंडी होती, मग अचानक गेली" यामागे बरेचदा हेच कारण असतं.

फलित अंडी आधी भडक नारिंगी असतात. आतला बलक संपत येतो तशी ती करडी होत जातात. २८ अंशांना अंडी फुटायला साधारण २० दिवस लागतात आणि करडा-काळपट रंग फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी येतो. करडी अंडी असलेली मादी निवडा. नारिंगी अंडीवालीला तीन आठवडे सांभाळावं लागतं आणि त्यात धसका बसला तर ती अंडी झटकून टाकते.

सगळ्या माद्यांची अंडी एकाच छटेची हवीत. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नका. चार दिवसांच्या फरकाने फुटलेल्या अळ्या एकाच टाकीत आल्या की मोठ्या धाकट्यांना खातात आणि पुढचा प्रत्येक निर्णय, खाद्याच्या कणापासून पाणी गोडं करण्यापर्यंत, अर्ध्या टाकीसाठी चुकीचा ठरतो.

मादी आणल्यावर ५० लिटर पाण्यात १ मिली फॉर्मेलिन (जंतुनाशक द्रावण) घालून, हवा चालू ठेवून, ३० मिनिटं ठेवा. हातमोजे घाला आणि जागा मोकळी, हवेशीर असू द्या. नंतर स्वच्छ पाण्यात हलवा.

## ५. अंडी फुटणं आणि मोजणी

मादीला वेगळ्या, झाकलेल्या छोट्या टाकीत सुमारे ५ पीपीटी पाण्यात ठेवा. पूर्ण गोड्या पाण्यापेक्षा इथे अंडी चांगली फुटतात. फुटणं रात्री होतं. मादी पोटाखालचे पोहण्याचे पाय जोरजोरात हलवून अळ्या बाहेर सोडते. सगळी अंडी एका रात्रीत फुटतीलच असं नाही, दुसरी रात्रही लागू शकते.

सकाळी हवा बंद करा, झाकणाचा एक कोपरा उघडून तिथे दिवा धरा. सुदृढ अळ्या काही मिनिटांत उजेडाकडे गोळा होतात. त्यांना मगने पाण्यासकट उचला, जाळीने नाही. तळाशी राहिलेल्या घेऊ नका. त्या अशक्त असतात.

मोजणीसाठी अळ्या ५० लिटर पाण्यात घ्या, हलक्या हाताने ढवळा आणि पाच वेगवेगळ्या जागांहून १०० मिलीचे नमुने घेऊन मोजा. सरासरी ५० आली तर लिटरला ५००, एकूण २५,०००. आपल्या टाकीला लिटरमागे ५० अळ्या पुरेत. नवख्याने त्याहून दाट करू नये.

नंतर एक-दोन तासांत १२ पीपीटीचं पाणी थोडं थोडं मिसळत अळ्या मुख्य टाकीत सोडा.

सावधान: अळ्या गोड्या पाण्यात फुटल्या असतील तर "उद्या बघू" म्हणू नका. पहिल्या दिवशी त्या छान पोहताना दिसतात आणि तिथेच फसगत होते. त्याच दिवशी निमखाऱ्या पाण्यात हलवा.

## ६. खाद्य

पहिल्या अवस्थेतली अळी खात नाही, ती शिल्लक बलकावर जगते. पहिल्या दिवशी टाकलेलं खाद्य फक्त पाणी खराब करतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र आर्टेमियाची, म्हणजे खारट पाण्यातल्या एका बारीक कवचधारी जीवाची, ताजी पिल्लं लागतातच.

आर्टेमिया उबवणं: २५ ते ३५ पीपीटी पाणी, २८ अंश, पीएच ८ किंवा किंचित वर, लिटरला १ ते २ ग्रॅम अंडी, सतत उजेड आणि जोरदार हवा. १८ ते २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून ५ ते १० मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली जमतात. ती तळातून काढा, बारीक जाळीवर गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच वापरा. शिळी पिल्लं मोठी होतात, त्यांच्यातलं पोषण घटतं आणि लहान अळ्यांना ती पकडता येत नाहीत. टरफलं नीट वेगळी केली नाहीत तर अळ्या ती गिळतात.

किती: दर मिलिलिटरला ३ ते ५ पिल्लं. ५०० लिटरला ३ च्या हिशेबाने १५ लाख होतात. चांगल्या प्रतीच्या १ ग्रॅम अंड्यांतून साधारण दोन लाख पिल्लं मिळतात असं धरलं तर ७ ते ८ ग्रॅम अंडी लागतात. पुढच्या वेळी सगळी मात्रा पुन्हा घालायची नाही. ग्लासात टाकीतलं पाणी उजेडाकडे धरून शिल्लक मोजा आणि फक्त तूट भरा.

कस्टर्ड: अळ्या पाचव्या अवस्थेच्या आसपास आल्या की दिवसा अंड्याचं कस्टर्ड आणि संध्याकाळी आर्टेमिया असा पालट सुरू करा. कोंबडीचं अंडं, थोडी दुधाची भुकटी आणि शिंपल्याचं किंवा माकुळाचं वाटलेलं मांस एकत्र फेटून वाफवा. इतकं घट्ट झालं पाहिजे की बोटाने दाबल्यावर चिकटणार नाही. मग पाण्याच्या धारेखाली चाळणीतून घासून काढा आणि निथळणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. कण सुरुवातीला ०.३ मिमीचे, शेवटी १ मिमीपर्यंत. न धुतलेल्या कस्टर्डने टाकी दुधाळ होते. बहुतेक ठिकाणी पाणी बिघडण्याची सुरुवात नेमकी इथून होते.

कस्टर्ड चिमूट-चिमूट, दिवसातून चार-पाच वेळा द्या. प्रत्येक अळीच्या तोंडाशी एक कण दिसला की थांबा.

तपासणी: अळी भिंगाखाली धरा. आतड्याची रेषा भरलेली दिसली पाहिजे. पाण्यात खाद्य असूनही आतडी रिकामी असतील तर खाद्य वाढवू नका. तापमान, अमोनिया आणि कणाचा आकार तपासा.

## ७. रोजचा क्रम

सकाळी तापमान, क्षारता आणि पीएच, मग दिवसाचं खाद्य. दुपारी हवा थांबवून तळाचा गाळ सायफनने काढा आणि जाळी लावलेल्या नळीने निम्मं पाणी काढा. आदल्या दिवशी तयार ठेवलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरा. पाणी बदलून झाल्यावरच संध्याकाळचं आर्टेमिया द्या, आधी दिलं तर अर्धं नळीवाटे जातं. पहिले दोन-तीन दिवस पाणी कमी बदललं तरी चालतं.

नायट्राइट लिटरला ०.१ मिग्रॅच्या आत, विरघळलेला प्राणवायू ५ मिग्रॅच्या वर. सायफनची नळी, मग, जाळी ही त्याच टाकीची असावीत. दुसऱ्या टाकीत बुडवलेली जाळी आजार घेऊन येते.

## ८. अवस्था ओळखा, दिवस मोजू नका

अळीच्या ११ अवस्था असतात. लांबी २ मिमीहून किंचित कमी असते तिथून साधारण ७.७ मिमीपर्यंत वाढते. रोज दहा अळ्या काढून भिंगाखाली पाहा. सगळ्या अवस्था पाठ असण्याची गरज नाही, या खुणा पुरतात:

- पहिली: डोळे डोक्याला चिकटलेले.
- दुसरी: डोळे देठावर.
- तिसरी: शेपटीच्या पंख्याच्या बाजूच्या पाकळ्या दिसू लागतात.
- चौथी: डोक्यावरच्या करवती काट्यावर दोन दात.
- सहावी: पोटाखाली पोहण्याच्या पायांचे कोंब.
- आठवी: त्या पायांना केस.
- दहावी: करवती काट्यावर तीन-चार दात.
- अकरावी: काट्याच्या वरच्या कडेच्या निम्म्या भागात दात.
- बीज: काट्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे दात.

दहाव्या दिवसाच्या आसपास पाचवी अवस्था दिसायलाच हवी. दिसत नसेल तर पहाटेचं तापमान आणि आर्टेमियाचा ताजेपणा, या दोन गोष्टी आधी पाहा.

पहिले दहाएक दिवस निरोगी अळ्या पृष्ठभागाजवळ झुंडीने पोहतात. त्या वयात झुंड मोडून तळाशी विखुरल्या तर काहीतरी बिनसलं आहे.

## ९. गोंधळाच्या वेळा

तिसरा आठवडा. सहाव्या-सातव्या अवस्थेत अळ्या निळसर-करड्या होतात, खाणं कमी करतात, गोल गोल फिरत पोहतात आणि रोज मरतात. स्वच्छतेतली ढिलाई इथे उघडी पडते. यावर खात्रीचं औषध नाही. पाणी जास्त बदला आणि मेलेल्या अळ्या लगेच काढा. मरतूक थांबत नसेल तर टाकी रिकामी करून, क्लोरिनने धुऊन, वाळवून नवी खेप घ्या. अर्धमेली खेप रेटत नेली की शेजारची टाकीही जाते.

रूपांतराच्या तोंडाशी. जुन्या कातीत अडकून मरणं. पोषण अपुरं असणं हे यामागचं एक संभाव्य कारण आहे, म्हणून शेवटच्या आठवड्यात आर्टेमिया तोडू नका.

अंगावर कापसासारखा थर. एकपेशीय जीव. गाळ आणि जादा खाद्य असलेल्या टाकीत वाढतात.

बीजाची शेपटी पांढरी पडणं. हा विषाणूचा आजार असू शकतो आणि काही दिवसांत बहुतेक बीज मारतो. असं बीज कोणालाही देऊ नका. नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि टाकी वेगळी करा.

प्रतिजैविकं "खबरदारी म्हणून" टाकू नका. त्यातून औषधाला न जुमानणारे जीवाणूच वाढतात.

## १०. पाणी गोडं करणं

पहिलं बीज लवकरात लवकर सोळा-अठरा दिवसांत दिसतं. ओळखायला भिंगही लागत नाही: पोट खाली, डोकं पुढे, सरळ पोहणं आणि भिंतीला धरून बसणं. ते दिसलं की घाई होते, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. त्या दिवशी टाकीतल्या बहुतेक अळ्या अजून आठव्या-नवव्या अवस्थेत असतात. २८ ते ३१ अंशांना बहुतेकांचं रूपांतर व्हायला २५ ते ३५ दिवस लागतात. शंभरातल्या नव्वदांचं रूपांतर होईपर्यंत थांबा. तोवर टाकीत नायलॉन जाळीचे तुकडे उभे टांगा, म्हणजे बसलेल्या बीजाला जागा मिळते आणि एकमेकांना खाणं घटतं.

गोडं पाणी आधी तयार हवं: क्लोरिन शून्य, तापमानात १-२ अंशांपेक्षा जास्त फरक नाही, पीएच जुळता.

1. टाकीतलं पाणी निम्मं करा. तीन तासांत बारीक धारेने गोडं पाणी भरा: १२ वरून ६ पीपीटी.
2. पुन्हा तसंच: ३ पीपीटी.
3. पुन्हा: १.५.
4. पुन्हा: ०.७५. इथून पुढे साधं गोडं पाणी.

एकूण बारा तास. बीज क्षारतेचा बदल बऱ्यापैकी सोसतं, पण तापमान, पीएच आणि क्षारता तिन्ही एकदम बदलली तर ते कात टाकतानाच मरतं.

तपासणी: तिसऱ्या फेरीनंतर अर्धा तास थांबून पाहा. बीज भिंतीला धरून असेल तर पुढे जा. आडवं पडलेलं दिसलं तर धार बंद करून दोन तास द्या.

## ११. पहिला आठवडा गोड्या पाण्यात

दर चौरस मीटरला ५,००० पेक्षा जास्त बीज ठेवू नका आणि आठवड्याच्या आत पुढच्या तळ्यात हलवायची तयारी ठेवा. खाद्य आता तळाशी बसणारं, बारीक दाण्याचं चालतं.

टाकीची कड झाका. रूपांतरानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत या पिल्लांना प्रवाहाच्या उलट जायची ओढ लागते. नदीत ती काठाच्या दगडांवरून सरपटतात, ओल्या उभ्या भिंतीही चढतात. पाण्याची धार वरून पडत असेल तर ती त्याच धारेला धरून टाकीबाहेर जातात आणि सकाळी जमिनीवर वाळलेली सापडतात. धार पाण्याखाली सोडा.

जास्तीचं बीज जवळच्या नदीत सोडू नका, विशेषतः जिथे ही जात मूळची नाही तिथे. परकी कोळंबी आणि तिच्यासोबतचे आजार दोन्ही स्थानिक जातींना मारक ठरतात. टाकीतलं खारट पाणीही शेतात, विहिरीजवळ किंवा गोड्या ओढ्यात ओतू नका. क्लोरिन देऊन, एक दिवस ठेवून, ते खाडीच्या किंवा समुद्राच्या बाजूलाच सोडा.